पाठीवरचा संसार आणि अडीचशे किलोमीटर वाळवंट

आळंदीहून निघालेली माउलींची पालखी लोणंद-फलटणमार्गे पंढरपूरला पोचते, तेव्हा सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट सरलेली असते. त्याला अठरा-वीस दिवस लागतात. वारकऱ्यांचे अंथरूण-पांघरूण आणि भांडीकुंडी दिंडीच्या ट्रकमधून पुढच्या मुक्कामी आधीच गेलेली असतात. साधारण तेवढेच अंतर सहा टप्प्यांत, सात दिवसांत, वाळूतून आणि दगडगोट्यांच्या पठारावरून कापायचे, आणि तेही आठवड्याचा शिधा, अंथरूण, कपडे, औषधे असा सगळा संसार स्वतःच्या पाठीवर घेऊन, असा एक धावण्याचा प्रकार जगात चांगलाच रुळला आहे. आयोजक देतात ते मोजून-मापून पाणी, रात्रीला तंबू आणि वेळ पडली तर डॉक्टर. बाकी ज्याचे त्याने पाहायचे.

याची सुरुवात एका फ्रेंच माणसाच्या हट्टातून झाली. पॅट्रिक बावेर १९८४ मध्ये अल्जेरियातल्या सहारात सुमारे ३५० किलोमीटर एकटा चालला. त्यातून सुचलेली ‘मॅरेथॉन दे साब्ल’ ही शर्यत १९८६ मध्ये मोरोक्कोत पहिल्यांदा झाली, तेव्हा धावणारे होते अवघे २३. आता दरवर्षी शेकडो जण येतात. त्याच धर्तीवर ‘फोर डेझर्ट्स’ ही मालिका गोबी, अटाकामा, नामिब अशा वाळवंटांत भरते. तिथेही अंतर २५० किलोमीटर आणि दिवस सात. साधारण चार दिवस रोज चाळीसच्या आसपास, मग ऐंशी किलोमीटरचा लांब टप्पा आणि शेवटी छोटी दौड, अशी तिची रचना असते.

सातारा जिल्ह्यात २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन होते आहे. यवतेश्वरचा चढ पळून आलेले लोक आता प्रत्येक तालुक्यात भेटतात. त्यातले काही जण सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रा करतात, काही लडाखला जातात आणि कोणाच्या तरी डोक्यात वाळवंट घोळत असते. कोरेगावात राहून या शर्यतीची तयारी होऊ शकते का, असे कोणी विचारले तर उत्तर होकारार्थी आहे. मात्र तयारीचा मोठा भाग पळण्याचा नाही. तो वजनकाट्यापाशी, स्वयंपाकघरात आणि बूट दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात होतो.

घराबाहेरचे मैदान

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि पूर्वेला माणमध्ये तो पाचशेच्या आसपास असतो. कोरेगाव या दोन टोकांच्या मधोमध आहे. तालुक्याच्या उत्तर भागातले मुरमाड माळ, डोंगरांच्या उघड्या सोंडा आणि पूर्वेला खटाव-माणकडे उतरणारा कोरडा टापू हे सारे सरावासाठी आयते मैदान आहे. रिओ ऑलिम्पिकमध्ये २०१६ साली तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारी ललिता बाबर याच पट्ट्यातल्या मोही गावची. तिला ‘माणदेशी एक्सप्रेस’ म्हणतात.

चढासाठी जरंडेश्वर आहेच. मारुतीच्या दर्शनाला जाणाऱ्यांची पायवाट सॅक पाठीवर घेऊन चढावी आणि उतरताना पळण्याचा मोह टाळावा. गुडघ्यांचे नुकसान वजनासह उतरताना सर्वांत जास्त होते. लांब पल्ल्यासाठी पंढरपूर रस्त्याने वर्धनगड बरा पडतो. कोरेगावहून गडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन गड चढून परत आले की दिवसाचा पाव शतकाचा हिशेब पुरा होतो. डांबरी रस्ता मात्र शक्य तितका सोडावा आणि शेताकडेच्या वाटा, गाडीवाटा, ओढ्याकाठचे रस्ते धरावेत. ऊसतोडीच्या हंगामात पहाटे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ असते आणि मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असे नाही. अंधारात पळणाऱ्याने रिफ्लेक्टरची पट्टी बांधल्याशिवाय बाहेर पडू नये.

वाळूचे काय? येरळा आणि माणगंगेची पात्रे उन्हाळ्यात कोरडी असतात, पण उपशामुळे जाड वाळूचे थर सगळीकडे उरलेले नाहीत. त्याला एक घरचा पर्याय आहे. रोटर मारलेले कोरडे रान. एप्रिल-मेमध्ये भुसभुशीत केलेल्या जमिनीत पाऊल घोट्यापर्यंत रुतते, मागे सरकते आणि पोटऱ्या अर्ध्या तासात भरून येतात. वाळूत नेमके हेच होते. शेतमालकाला विचारून, पेरणीआधी, आठवड्यातून एकदा चाळीस मिनिटे तिथे चालावे-पळावे. नुसती नांगरट झालेले, मोठ्या ढेकळांचे रान टाळावे, कारण तिथे घोटा मुरगळायला वेळ लागत नाही.

आणखी एक पथ्य पाण्याचे. २०१६ च्या पहिल्या सत्यमेव जयते वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेसाठी निवडलेल्या तीन तालुक्यांत कोरेगाव होता आणि पहिले बक्षीस याच तालुक्यातल्या वेळू गावाने मिळवले. डोंगरउतारावरचे समतल चर आणि बांध गावकऱ्यांनी श्रमदानाने केले आहेत. सराव करताना त्यांच्या कडा तुडवू नयेत. गावात टँकर सुरू असेल तर बाटल्या भरायला तिथे रांगेत उभे राहू नये, आपले पाणी घरूनच न्यावे. शर्यतीतही तेच करायचे आहे.

वर्षभराचे वेळापत्रक

मॅरेथॉन अंगवळणी पडलेल्या माणसाने या शर्यतीसाठी किमान आठ-दहा महिने हातात ठेवावेत. आठवड्याचे एकूण अंतर वाढवण्यापेक्षा शनिवार-रविवारची जोडी बसवणे जास्त महत्त्वाचे. शनिवारी ताजेतवाने पाय पंचवीस किलोमीटर सहज जातात. खरी परीक्षा रविवारी सकाळी, आखडलेल्या मांड्यांनी पुन्हा वीस किलोमीटरला निघताना होते. सहाव्या महिन्यापासून महिन्यातून एकदा शुक्रवार जोडून तीन दिवसांची मालिका करावी. एकच ऐंशी किलोमीटरची लांब दौड सरावात करायची गरज नसते. त्यातून सावरायलाच तीन आठवडे जातात.

पुण्याचे आशिष कासोदेकर यांनी २०१९ मध्ये लडाखच्या शीत वाळवंटात ‘ला अल्ट्रा’ची ५५५ किलोमीटरची शर्यत पूर्ण केली आणि नंतर पुण्यात साठ दिवसांत साठ मॅरेथॉन पळून गिनीज विक्रम केला. ला अल्ट्रामध्ये धावणाऱ्यासोबत मदतनीसांचे पथक असते, त्यामुळे ती पाठीवर ओझे वाहण्याची शर्यत नाही. पण साठ दिवसांच्या विक्रमातला धडा इथे थेट लागू पडतो. आज इतकेच पळायचे की उद्या सकाळी पुन्हा तेवढेच पळता आले पाहिजे.

दुसरी गोष्ट चालण्याची. पहिल्या पाच-दहा जणांना सोडले तर या शर्यतीत सगळेच बराच वेळ चालतात. वाळूत ताशी पाच किलोमीटरने सतत चालणारा माणूस चाळीस किलोमीटर आठ तासांत संपवतो आणि दुपारनंतर सावलीत पाय वर करून बसतो. त्याच्यापुढे पळत गेलेला अनेकदा शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये त्याला लंगडत भेटतो. मॅरेथॉन दे साब्लमध्ये सर्वांत मागून दोन उंट चालत येतात. उंट पुढे गेले की स्पर्धकाची शर्यत संपली. उंटांच्या पुढे राहायला दमसास हवा, वेग नाही. म्हणून आठवड्यातले एक सत्र नुसते झपाझप चालण्याचे ठेवावे, पाठीवर ओझे घेऊन.

ओझे वाढवताना घाई नको. दोन-तीन किलोपासून सुरुवात करून तीन-चार महिन्यांत सात-आठ किलोपर्यंत यावे आणि आठवड्यातून दोनदाच वजन घेऊन बाहेर पडावे. वजनासाठी सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भराव्यात. कंबर किंवा गुडघा कुरकुरायला लागला तर वाटेतल्या झाडाला पाणी घालून मोकळे होता येते.

काट्यावरचा हिशेब

मॅरेथॉन दे साब्लच्या नियमांत सॅकचे पाण्याशिवायचे वजन किमान साडेसहा आणि कमाल पंधरा किलो सांगितले आहे. नवख्या माणसाची पहिली सॅक अकरा-बारा किलोच्या खाली येत नाही. ती सव्वासातवर आणणे हे महिन्याभराचे काम आहे.

त्यासाठी एक दिवस सगळे सामान चादरीवर मांडावे, किराणा दुकानात असतो तसा इलेक्ट्रॉनिक काटा घ्यावा आणि प्रत्येक वस्तूचे वजन वहीत लिहावे. रिकामी सॅक ७०० ग्रॅम, स्लीपिंग बॅग ८००, चटई ३००, जॅकेट आणि जादा कपडे ६००, औषधे आणि सक्तीच्या बारीकसारीक वस्तू ८००, हेडटॉर्च आणि सेल २००, पॉवर बँक २००, मग-चमचा १५०. झाले पावणेचार किलो. त्यात साडेतीन किलो शिधा मिळवला की सव्वासात. दोन लिटर पाण्यासह पहिल्या सकाळी सव्वानऊ किलो पाठीवर येते. वहीतला एकेक आकडा पाहून मग कातर चालवायची. टूथब्रशचा दांडा अर्धा कापावा, सॅकचे लोंबणारे पट्टे छाटावेत, साबणाऐवजी कागदी साबणाच्या चार पट्ट्या घ्याव्यात, मलमाची अख्खी ट्यूब न घेता लागेल तेवढे मलम छोट्या डबीत काढावे. चौथ्या टप्प्यावर ज्याचा उपयोग काय हे सांगता येत नाही, अशी वस्तू घरीच ठेवावी.

सक्तीच्या वस्तूंना मात्र कात्री लावू नये. शिट्टी, होकायंत्र, सिग्नल आरसा, चाकू, जंतुनाशक, सेफ्टी पिना, चमचमते तातडीचे पांघरूण ही यादी वाचताना हसू येते. चीनच्या गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी शंभर किलोमीटरची शर्यत भरली होती. दुपारी हवामान पालटले, गारा आणि गोठवणारा वारा सुटला. अंगावर पातळ कपडे असलेले १७२ पैकी २१ धावपटू थंडीने दगावले. वाऱ्यापासून बचाव करणारे जॅकेट त्या शर्यतीत सक्तीचे नव्हते. एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या आसऱ्याच्या गुहेत नेले म्हणून ते वाचले. वाळवंटात दुपारी चाळीस अंश आणि पहाटे थंडीने दातखिळी, हे एकाच दिवशी घडते. जॅकेट आणि स्लीपिंग बॅग हलकी जरूर घ्यावी, पण टाळू नये.

सॅक पाठीला घट्ट बसली पाहिजे. भरलेल्या सॅकनिशी किमान दीडशे-दोनशे किलोमीटर सराव झाल्याशिवाय ती शर्यतीला नेऊ नये. खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर कुठे काचते ते तिसऱ्या तासाला कळते, दुकानात कळत नाही.

शिधा: ग्रॅममागे किती उष्मांक?

दोन्ही मोठ्या शर्यतींत दिवसाला किमान २००० किलोकॅलरी अन्न जवळ असणे सक्तीचे आहे, म्हणजे सात दिवसांचे १४,०००. साठ किलोचा माणूस चाळीस किलोमीटर पळताना ढोबळमानाने २४०० किलोकॅलरी खर्च करतो, पाठीवरचे ओझे आणि वाळू वेगळी. शरीराचा रोजचा खर्च पंधराशेच्या आसपास धरला तर दिवसाला दोन हजारांची तूट पडतेच. ती भरून काढायला गेले तर ओझे वाढते. म्हणून तूट पडणार हे गृहीत धरून, कमी वजनात जास्त उष्मांक देणारे पदार्थ निवडायचे.

इथे मराठी फडताळ उपयोगी पडते. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण ५६० किलोकॅलरी असतात, सुक्या खोबऱ्यात साडेसहाशेच्या आसपास, तुपात नऊशे. पोहे, सातूचे पीठ, गूळ साडेतीनशे ते चारशेत येतात. खजूर तीनशेच्या खाली, कारण त्यात पाणी असते. सरासरी ग्रॅमला चार किलोकॅलरी पडली तर सात दिवसांचा शिधा साडेतीन किलो भरतो. ती पाचवर नेली तर दोन किलो आठशे ग्रॅम. नुसत्या निवडीने सातशे ग्रॅम ओझे कमी होते, म्हणजे जवळजवळ एक स्लीपिंग बॅग.

चुरमुरे हलके असले तरी जागा फार खातात. गुळाची चिक्की उन्हात पाघळून कागदाला चिकटते. कोरेगावचा वाघ्या घेवडा भौगोलिक मानांकन मिळवून बसला आहे, पण तो भिजवायला रात्र आणि शिजवायला कुकर लागतो, त्यामुळे त्याची आमटी परतल्यावर. वाळवंटात चालते ते गरम पाणी ओतले की दहा मिनिटांत तयार होणारे: पातळ पोहे, दूध पावडर आणि साखर सकाळी, शिजवून उन्हात कडकडीत वाळवलेली मुगाची खिचडी, वर तूप आणि शेंगदाण्याची चटणी रात्री. चटणीत तेल, मीठ आणि चव तिन्ही असतात. चौथ्या दिवशी गोड पदार्थाच्या वासानेही मळमळते, तेव्हा तिखट-खारट हाताशी असलेले बरे. मळमळीवर आलेही कामी येते आणि आल्याला कोरेगावात तोटा नाही. आलेपाकाच्या आठ-दहा वड्या औषधांच्या पिशवीत टाकाव्यात.

प्रत्येक दिवसाचा शिधा वेगळ्या पिशवीत भरून वर दिवस, वजन आणि किलोकॅलरी लिहावे. तपासणीच्या वेळी परीक्षक लेबले पाहतात, म्हणून घरगुती पदार्थ चालतील का हे आयोजकांना आधीच विचारावे. तळावर गरम पाणी मिळते की स्वतःची शेगडी न्यावी लागते, हेही नियमपुस्तकातून पाहावे. इंधनाच्या वड्या विमानात चालत नाहीत. चिलीसारखे देश बिया आणि सुकामेव्याबाबत कडक आहेत. तिथे विमानतळावर सगळे जाहीर करावे लागते. दुबईमार्गे जाणाऱ्यांनी डिंकाच्या लाडवातली खसखस वगळावी. अमिरातीत खसखस बाळगणे हा गुन्हा आहे.

पाणी, मीठ आणि मूत्रपिंडे

पाणी दर दहा-बारा किलोमीटरवरच्या चौकीत मिळते, तेही ठरलेल्या मापाने. आपल्याला ते पुरेल का, हे घरीच काढता येते. चैत्रातल्या दुपारी, तासभर पळण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. एक किलो घटले तर एक लिटर घाम गेला. मधे प्यायलेले पाणी त्यात मिळवायचे. हा आकडा माणसागणिक बदलतो, त्यामुळे मित्राचा हिशेब आपल्याला लागू करू नये.

कमी पिणे घातक, तसेच नुसते पाणी ढोसत राहणेही. रक्तातले सोडियम पातळ होऊन डोके दुखते, उलट्या होतात, माणूस बरळू लागतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांमध्ये सोडियम धोक्याच्या पातळीखाली होते. ती एका दिवसाची, थंड हवेतली शर्यत होती. वाळवंटात तहान लागेल तसे प्यावे आणि मीठ सोबत जाऊ द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची ओआरएसची पुडी एक लिटरसाठी साडेवीस ग्रॅमची असते. औषधाच्या दुकानात मिळते आणि परदेशी इलेक्ट्रोलाइट गोळ्यांपेक्षा स्वस्त पडते. पुडीवर सूत्र तपासून घ्यावे, कारण त्याच रंगाच्या डब्यांत निव्वळ साखरेची सरबतेही विकली जातात.

पायदुखीवर आपल्याकडे हात पटकन ब्रुफेनकडे किंवा कॉम्बिफ्लामकडे जातो. दोन्हींत आयब्युप्रोफेन आहे. ‘फोर डेझर्ट्स’सारख्याच शर्यतींच्या ऐंशी किलोमीटरच्या टप्प्यावर ८९ धावपटूंवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आयब्युप्रोफेन घेतलेल्यांपैकी ५२ टक्क्यांच्या मूत्रपिंडांना तात्पुरती इजा दिसली, दिखाऊ गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण ३४ टक्के होते. म्हणजे गोळी न घेताही तिघांतल्या एकाची मूत्रपिंडे ताणाखाली असतातच. शर्यतीच्या काळात ही औषधे बंद. वेदनेसाठी काय चालेल हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. लघवी गडद तपकिरी झाली तर त्याच क्षणी तळावरच्या डॉक्टरांकडे जावे.

पाय

या शर्यतीतून बाहेर पडणाऱ्यांत पायाच्या फोडांनी हैराण झालेले पुष्कळ असतात. उष्णता, ओल आणि घर्षण एकत्र आले की फोड येतो. बारीक वाळू बुटात शिरली की ती पॉलिश पेपरचे काम करते. उपाय म्हणजे गेटर, बुटावर चढवायचे पातळ, घट्ट विणीच्या कापडाचे आवरण. गेटर वेल्क्रोने बुटाला चिकटतात आणि वेल्क्रो नुसता डिंकाने लावला तर दुसऱ्या दिवशी उखडतो. तो बुटाच्या कडेने, तळव्याच्या अगदी वर, सलग शिवून घ्यायचा. हे काम बूट शिवणारा अनुभवी कारागीर अर्ध्या तासात करतो. टाके आतल्या बाजूला बोटांना टोचत नाहीत ना, ते हात घालून पाहावे. मग ते बूट घालून रोटर मारलेल्या रानात तासभर चालावे. मोजे काढल्यावर बोटांच्या फटीत माती दिसली तर गेटरला कुठेतरी वाट राहिली आहे.

सलग दिवस उन्हात चालून पाऊल सुजते, म्हणून बूट नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा घ्यावा. नखे आठवडाभर आधी कापून कडा घासाव्यात. कुठे गरम झाल्यासारखे, चुरचुरल्यासारखे वाटले की त्याच जागी थांबावे, मोजा काढावा, पाय कोरडा करून झिंक ऑक्साइडची पट्टी लावावी. टिंक्चर बेंझॉइन आधी चोपडले तर पट्टी घामातही टिकते. पाच मिनिटे वाचवायला पुढे गेलेला माणूस संध्याकाळी तासभर डॉक्टरांच्या तंबूबाहेर बसतो. मोठा फोड निर्जंतुक सुईने कडेला टोचून रिकामा करावा, वरची कातडी तशीच ठेवावी. जांघा, काखा आणि सॅकच्या पट्ट्याखाली रोज सकाळी व्हॅसलीन लावायला विसरू नये.

ऊन अंगात मुरवणे

उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातले मीठ कमी होते. ही कमाई उन्हापासून दूर राहिले की तीन-चार आठवड्यांत बरीचशी ओसरते. मोरोक्कोची शर्यत बहुधा एप्रिलमध्ये असते, त्यामुळे मार्चमधल्या कोरेगावच्या दुपारी त्यासाठी नेमक्या सोयीच्या पडतात. आधी वीस मिनिटे, मग वाढवत तासभर, कायम कोणाला तरी सांगून आणि शक्यतो जोडीने. अटाकामाची शर्यत सप्टेंबर-ऑक्टोबरकडे असते, म्हणजे आपल्याकडे पावसाळा उलटून गेलेला आणि मे महिन्यातली सवय विरलेली. वेल्समधल्या बँगोर विद्यापीठाने २०१६ मध्ये त्यावर सोपी वाट दाखवली: सलग सहा दिवस, पळून आल्यावर चाळीस अंशांच्या पाण्यात चाळीस मिनिटे मानेपर्यंत बसणे. घरी मोठ्या पिंपात किंवा टबात हे जमते. पण रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्याने ते करू नये, आणि इतरांनीही घरात माणूस असतानाच करावे. उठताना चक्कर येते.

पळताना माणूस अडखळू लागला, विसंगत बोलू लागला, तर तो उष्माघात समजावा. अंगाला घाम असला तरीही. सावलीत नेऊन पाण्याने आधी अंग थंड करावे आणि मग दवाखान्याकडे न्यावे. क्रम उलटा झाला तर जीव जाऊ शकतो. २०२१ मध्ये मॅरेथॉन दे साब्ल कोविडमुळे ऑक्टोबरात झाली, पारा पन्नाशीकडे गेला, पोटाच्या विकाराची साथ पसरली आणि जवळपास निम्म्या स्पर्धकांना शर्यत सोडावी लागली. एका फ्रेंच धावपटूचा त्यात मृत्यू झाला. तळावर हात जंतुनाशकाने धुतल्याशिवाय खाण्याला लावू नयेत, हा नियम तिथून घ्यावा.

वाट चुकली तर

१९९४ च्या शर्यतीत इटलीचा माउरो प्रॉस्पेरी वाळूच्या वादळात सापडला. वादळ शमेपर्यंत जागचे हलू नये असा नियम असताना तो चालत राहिला आणि खुणेच्या वाटेपासून दूर भरकटला. एका पडक्या दर्ग्यात त्याने आसरा घेतला, वटवाघळे मारून त्यांचे रक्त प्यायले आणि नऊ-दहा दिवसांनी तो थेट अल्जेरियाच्या हद्दीत भटक्या लोकांना सापडला. पंधरा किलोहून जास्त वजन घटलेले होते. आता स्पर्धकांकडे जीपीएस यंत्रे असतात, तरी नियम तोच आहे. पुढची खूण दिसेनाशी झाली की मागच्या खुणेपाशी परतावे, वादळात सॅकला पाठ लावून बसावे, शिट्टी आणि आरसा वापरावा. होकायंत्र वापरायचा सराव वर्धनगडाच्या माथ्यावर करावा. आसपासचे डोंगर ओळखीचे असल्याने चूक लगेच लक्षात येते.

निघण्याआधी

नोंदणीचे शुल्कच काही हजार डॉलरच्या घरात जाते, विमानभाडे आणि सामान वेगळे. म्हणून पैसे भरण्याआधी देशातच स्वतःला जोखावे. जैसलमेर ते लोंगेवाला मार्गावरची ‘बॉर्डर’ आणि कच्छमधल्या धोलावीराची ‘रन द रण’ या शर्यतींत वाळवंटाची हवा आणि रात्रीची थंडी अनुभवता येते. तिथे आठवड्याचे ओझे नसते, ते आपण होऊन न्यावे.

शर्यतीच्या दीड महिना आधी रंगीत तालीम करावी. तीन दिवस, पूर्ण सॅक, शर्यतीचेच जेवण, गच्चीवर किंवा शेतात त्याच स्लीपिंग बॅगेत झोप. घरचे जेवण समोर असताना गार झालेली वाळवलेली खिचडी खाता आली, तर ती वाळवंटातही जाईल. हृदयाचा आलेख आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र बहुतेक आयोजक मागतात. त्यासाठी शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये. धनुर्वाताची लस घेतलेली असावी.

प्रवासात बूट पायातच घालावेत. गेटर, सॅक, पळण्याचे कपडे, रोजची औषधे आणि पॉवर बँक केबिनमध्ये जवळ ठेवावी, चाकू मात्र चेक-इन सामानात. लायटर तिथे पोचून विकत घ्यावा. एखादी बॅग विमान कंपनीकडून गहाळ झाली, तर शिधा आणि बारीक वस्तू कासाब्लांका किंवा विंडहोकच्या बाजारात जमवता येतात. वेल्क्रो शिवलेले, दोनशे किलोमीटर पायात मुरलेले बूट तिथल्या कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.